चढाच्या आधी गिअर: पवनाकाठची माझी पहिली ट्रायथलॉन

ओळखीत कुणाला ट्रायथलॉन केली म्हणून सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे ते आयर्नमॅन का?" दोष विचारणाऱ्याचा नाही. 2015 साली मिलिंद सोमणनं झुरिचची आयर्नमॅन पुरी केली आणि तेव्हापासून पेपरात अधूनमधून कुणा डॉक्टरचा, कुणा पोलीस अधिकाऱ्याचा मेडल घातलेला फोटो येतो. खाली आकडे असतात: 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल, 42.2 किलोमीटर पळणं. आकडे वाचून आपण पेपरची घडी घालतो आणि चहा पितो. गोव्यात मिरामारला 2019 पासून व्हायला लागली ती याच्या निम्मी, तरी एकूण 113 किलोमीटर होतात.

मी केली ती यांच्या पासंगालाही पुरणार नाही. 400 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल आणि 5 किलोमीटर पळणं. 'स्प्रिंट' प्रकारात एरवी 750 मीटर पोहायचं असतं, इथं नवख्यांसाठी ते कमी केलं होतं. पण ही होती पवना धरणाच्या काठाला, मावळात. आणि मावळात सपाट जागा म्हणजे भातखाचरं, रस्ता नव्हे.

'नवशिक्यांसाठी' हे शब्द जाहिरातीत कुणीही छापू शकतं, म्हणून पैसे भरायच्या आधी फोन करून सरळ चार गोष्टी विचारल्या. पाण्यात होड्या किती असतील? पोहताना मध्ये थांबलं तर चालतं का? साधी सायकल चालेल का? वेळेची मर्यादा किती? उत्तरं समाधानकारक मिळाली. कुठल्याही पद्धतीनं पोहा, दमलात तर कयाक धरून थांबा. फक्त कयाक धरून पुढं सरकायचं नाही. सायकलला ब्रेक असले म्हणजे झालं. वेळ भरपूर. चढाबद्दल विचारलं तर "अगदी थोडा आहे" म्हणाले. ज्याची रोज सायकल चालते त्याला चढाबद्दल विचारण्यात अर्थ नसतो, म्हणून एका रविवारी नवऱ्याला गाडीत घालून मी रस्ता बघून आले. थोडा नव्हता.

आम्ही राहतो निगडीला. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, शेतात विहीर. चुलत्यांनी पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत ढकललं, तसं पोहायला आलं. त्यामुळं खोल पाण्याची भीती कधी वाटली नाही. पण त्या पोहण्यात नाक वर ठेवायचं एवढंच शास्त्र होतं. महापालिकेच्या तलावावर महिलांच्या बॅचला जायला लागले तेव्हा सरांनी दोन दिवस बघितलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही बुडणार नाही, पण पुढंही जाणार नाही." मग पाण्यात तोंड घालून श्वास सोडायला शिकले. सगळं कसब त्या सोडण्यात आहे. आत भरून ठेवलेला श्वास पाण्यात सोडला नाही, तर डोकं वर काढल्यावर नवीन घ्यायला जागाच राहत नाही आणि माणूस धापा टाकायला लागतो.

पळण्यासाठी दुर्गा टेकडी होती, पायात बळ येण्यासाठी घोरावडेश्वराच्या पायऱ्या. सायकल मात्र शिकावीच लागली. चालवता येत होती, पण चढ चढता येत नव्हता. माझी सायकल जुनी हायब्रिड, मागं सात चकत्या, त्यांतली मोठीत मोठी 28 दातांची. मागची चकती जितकी मोठी, तितका गिअर हलका. सोमाटणे फाट्यावरून बेबडओहोळकडं जाताना भाचा बरोबर यायचा. हा मुलगा कॉलेजात असल्यापासून घाट चढतो. चढ दिसला की मी जोर लावून अंगावर घ्यायची आणि अर्ध्यावर पाय भरून आले की गिअर बदलायला जायची. चेनवर ताण असताना गिअर बदलला की ती कडकड वाजते, कधी उतरते. तो मागून ओरडायचा, "मावशी, चढ यायच्या आधी! चढावर नाही, आधी!" मग त्यानं सांगितलेलं डोक्यात बसवलं. चढ दिसला की सपाटीवरच हलका गिअर टाकायचा. पाय बिनकामाचे फिरतात, वेग कमी होतो, बाजूनं कुणीतरी पुढं जातं. जाऊ द्यायचं. सीटवर बसून राहायचं, हँडल आवळायचं नाही, बोलता येईल इतपत दम ठेवायचा. वर पोचेपर्यंत पुढं गेलेल्यांपैकी निम्मे उतरून सायकल ढकलत असतात.

आदल्या संध्याकाळी धरणाच्या उत्तरेच्या काठावर सगळ्यांना बोलावलं होतं. समोर तुंगाचा सुळका, त्याच्या डावीकडं तिकोना, पाठीशी लोहगड आणि विसापूर. 1665च्या पुरंदरच्या तहात हे चारही किल्ले मोगलांना द्यावे लागले होते. त्यांच्या मधल्या खोऱ्यात आता पाणी आहे आणि त्यातलंच पुढं रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलून आमच्या पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं. म्हणजे उद्या मी माझ्याच प्यायच्या पाण्यात हातपाय मारणार होते. जीवरक्षकांमधला एक गावचाच होता. त्यानं हात करून दाखवलं, तिकडं पाण्याखाली वाघेश्वराचं देऊळ आहे, उन्हाळ्यात पाणी उतरलं की बाहेर येतं, मग लोक दर्शनाला जातात. त्यानं दुसरीही गोष्ट सांगितली, ती जास्त कामाची. काठावर पायाखाली जे लागतं ते जुन्या शेतांचे बांध आहेत. एक पाऊल गुडघाभर पाण्यात, पुढचं डोक्यावर. सहलीला आलेली पोरं बुडतात ती अशी. एरवी या धरणात उतरू नये ते यासाठीच. आम्ही उतरणार होतो ते परवानगी काढून, दोर लावलेल्या वाटेनं, आणि होड्यांच्या मधून.

मग नियम सांगितले. हेल्मेटचं बकल लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही आणि सायकल परत अडकवल्याशिवाय बकल काढायचं नाही. आखलेल्या रेषेच्या पुढं जाऊनच सायकलवर बसायचं, परतताना रेषेच्या आत उतरायचं. पुढच्या सायकलच्या मागं चिकटून वारा चुकवायचा नाही, साधारण 10 मीटर अंतर ठेवायचं. कानात काही घालायचं नाही. कुणीतरी विचारलं, पोहणं पहिलं का, सायकल पहिली ठेवली तर अंग गरम होईल. पंचबाई शांतपणे म्हणाल्या, "दमलेला माणूस रस्त्यावर बसतो. पाण्यात कुठं बसणार?"

पहाटे उठून गेलो तेव्हा थंडी कडाक्याची. जानेवारीतली मावळातली सकाळ, पाण्यावरून वाफा निघत होत्या. दंडावर मार्करनं नंबर लिहून घेतला, घोट्याला वेळ मोजायची चिप बांधली. सायकली अडकवायच्या जागेला ट्रान्झिशन म्हणतात. तिथं प्रत्येकाला हातभर जागा. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी तेवढ्यात दुकान मांडलं होतं: दोन जोड बूट, तीन बाटल्या, पावडर, जेलची पाकिटं, पंप. त्यांची सायकल माझ्या स्कूटरपेक्षा महाग असणार. मी टॉवेल अंथरला, त्यावर बूट तोंड उघडं करून, मोज्यांत पावडर टाकून, ते पायात सरकतील असे गुंडाळून ठेवले. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे बाहेर. आतमध्ये गॉगल, म्हणजे गॉगल उचलल्याशिवाय हेल्मेट घालताच येणार नाही. अंगात गुडघ्यापर्यंतचा पोहण्याचा सूट होता, त्यावर पुढं चेन असलेली सायकलची जर्सी घालायची ठरवली होती. बायकांना मुद्दाम सांगते, ओल्या अंगावर टी-शर्ट डोक्यातून घालायच्या भानगडीत पडू नका. तो खांद्यावर वळी होऊन अडकतो, हात वर, तोंड झाकलेलं, आणि खाली ओढायला कुणाला तरी हाक मारावी लागते. घरच्या न्हाणीघरात ओल्या अंगानं करून बघितलं होतं, म्हणून चेनवाली जर्सी आणली.

पाण्यात पाय घातला आणि पहिला विचार आला तो इथं लिहिण्यासारखा नाही. गार पाण्यात शिरल्यावर छाती आपोआप भरभर धापा टाकते. त्याला काही इलाज नाही, एक-दोन मिनिटांत ती आपली आपण शांत होते. फक्त तेवढा वेळ पोहायला लागायचं नाही. म्हणून सुरुवातीच्या आधी उतरून, दोराला धरून, चेहरा पाण्यात घालून बुडबुडे सोडत राहिले. तलावात छान पोहणारी एक मुलगी काठावरच कोरडी उभी होती, अंग गार पडेल म्हणून. शिटी वाजल्यावर ती उडी मारून निघाली आणि पहिल्या बोयाच्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या, आधीच कयाकला लटकली. दोन मिनिटांनी सावरली आणि मला मागं टाकून निघून गेली, ती गोष्ट वेगळी.

तलावात तळाला काळी रेघ असते. इथं तळच दिसत नाही. डोळे उघडे ठेवले तरी हिरवट अंधार, स्वतःचा हात कोपरापर्यंत दिसतो. नारिंगी बोया लांबून दिसतो, पण आपण पाण्यात असताना मध्ये लाटा, लोकांची डोकी आणि समोरून उगवलेला सूर्य. मी आदल्या दिवशीच ठरवून ठेवलं होतं, बोया बघायचाच नाही, तिकोना बघायचा. पहिला बोया बरोबर तिकोन्याच्या उजव्या खांद्याखाली येत होता. सहा-सात हात मारले की डोळे वर, किल्ला कुठं आहे ते बघायचं, परत तोंड पाण्यात. मधल्या टप्प्यावर तुंग, आणि परतताना लोहगडाचा पसारा. कुणाची तरी टाच कपाळावर लागली, कुणीतरी माझ्या पोटरीवर हात मारला. कुणी मुद्दाम करत नाही. थोडं बाजूला होऊन छातीवर पोहले, श्वास जमवला, पुन्हा सुरू. तिसऱ्या बोयानंतर ब्रेस्टस्ट्रोकच चालू ठेवला. डोकं वर राहतं, काठ दिसतो, आणि 400 मीटरमध्ये त्यानं असा किती वेळ जास्त जाणार?

काठावर हात द्यायला मुलं उभी होती. आडवं पोहून एकदम उभं राहिलं की डोकं गरगरतं, म्हणून चालतच वर आले. सायकलीपाशी एक जण घाईत सायकल ओढून निघाला, तशा पंचबाई गरजल्या, "बकल! आधी बकल!" बिचारा सायकल परत अडकवून, बकल लावून पुन्हा निघाला. माझं सगळं क्रमानं मांडलेलं होतं म्हणून विचार करायला लागला नाही. जर्सी, गॉगल, हेल्मेट, बकल, मोजे, बूट. शेजारच्यांच्या दुकानात त्यांना दुसरा मोजा सापडत नव्हता.

सायकलचा रस्ता असा होता: आधी पवनानगरकडं, तिथून वळून परत, सुरुवातीची जागा ओलांडून दुधिवरे खिंडीच्या अलीकडं दुसरं वळण, आणि मागं. खिंडीचा खडा चढ वगळला होता, त्याबद्दल आयोजकांना दुवा दिला. पण त्याविना रस्ता सपाट होत नाही. ओढ्यात उतरायचं आणि वर यायचं, वस्तीपाशी उतरायचं आणि वर यायचं. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या खाचरांत धसकटं, मध्ये पेंढ्याच्या उडव्या, कुठं हरभरा, कुठं वाल. गाडीतून हा रस्ता कितीदा गेला असेल. तिकोन्याला गेलो, पोरांना तंबूत राहायला घेऊन आलो. तेव्हा इथं चढ आहे हे लक्षातही आलं नव्हतं.

पवनानगरला, म्हणजे जुने लोक ज्याला काले कॉलनी म्हणतात तिथं पोचेपर्यंत ऊन वर आलं होतं. हॉटेलांत भजी तळायला घेतली होती. वळण घ्यायला वेग पार कमी करावा लागतो, आणि वळणापुढं लगेच चढ. बरेच जण जड गिअरवरच वळले आणि जागच्या जागी डुगडुगायला लागले, एक जण आडवाही झाला. मी वळायच्या आधीच हलक्या गिअरवर आले होते. भाच्याची आठवण काढली. पुढच्या सपाटीवर पाणी प्यायले: लिंबू, मीठ, साखर घातलेलं, तहान नसताना. चढावर बाटली काढायला एक हात सोडणं मला जमत नाही आणि तहान लागेपर्यंत थांबलं तर नेमका चढ आलेला असतो. पाण्याबरोबर शेंगदाण्याच्या चिक्कीचा एक तुकडा. जेलबिल पुढं कधीतरी.

उतार ही वेगळी परीक्षा. रविवार असल्यामुळं पर्यटकांच्या गाड्या सुरू झाल्या होत्या, स्वयंसेवक त्या अडवत होते, पण गाई-म्हशींना कोण अडवणार? त्यात गावागावांचे गतिरोधक, पांढरे पट्टे नसलेले. सगळ्यात उतरत्या वळणावर बाहेरच्या बाजूला आयोजकांनी पेंढ्याचे भारे रचले होते, कुणी घसरलंच तर अंग पेंढ्यात जावं म्हणून. तिथं ज्यांचा पेंढा तेच शेतकरी मफलर गुंडाळून उभे होते. मी वर दिसले तसा त्यांनी दोन्ही हात हलवून आवाज दिला, "ताई, ब्रेक आत्ताच मारा, वळणावर नगं! खाली शेण हाय!" मी सरळ रस्त्यावरच दोन्ही ब्रेक हळूहळू दाबले, वळण्याआधी सोडले. शेण खरंच होतं, ताजं, नेमकं जिथून चाक गेलं असतं तिथं.

सायकल संपवून उतरले तेव्हा पाय माझे राहिले नव्हते. याची कल्पना सगळे देतात, पण खरं वाटत नाही. मांड्या गोल फिरायला लावलेल्या, त्यांना आता सरळ पळायचं आहे हे कळतच नाही. बैलगाडीच्या मागं बांधलेल्या वासरासारखे ते शरीरामागं फरफटत येतात. पहिला अर्धा किलोमीटर पावलं अगदी छोटी ठेवली. हळूहळू मांड्या मोकळ्या झाल्या. ही सवय व्हावी म्हणून सरावात सायकल झाल्या झाल्या बूट न काढता पळायला जायचं असतं. मी सोसायटीच्या आवारात तेच करायचे आणि वॉचमन काका दर वेळी विचारायचे, "मॅडम, काही हरवलंय का?"

पळायची वाट काठाकाठानं, कच्ची, धुळीची. मध्ये वस्तीकडं चढणारा एक तुकडा होता. तो मी चालले. खड्या चढावर पळणाऱ्यात आणि झपझप चालणाऱ्यात फारसं अंतर पडत नाही, वर पोचल्यावर मात्र पळणारा कमरेवर हात ठेवून उभा असतो. वस्तीत एक आजी उंबऱ्यापाशी वाल सोलत बसल्या होत्या. माझ्याकडं निरखून बघत म्हणाल्या, "कुणाच्या मागं लागलीयास गं एवढी? म्होरं तर कुणीच न्हाई." मला हसू आवरेना, पळता येईना. "आजी, मागं कुणी आहे का बघा," म्हटलं. त्यांनी मान लांब करून बघितलं. "हाय एक. पण ते बसलंय."

तो बसलेला नंतर उठला आणि शेवटच्या वळणावर माझ्या पुढं गेला. माझी सगळी मिळून वेळ दोन तासांच्या थोडी वर भरली. पहिली आलेली मुलगी तेव्हा जेवून हात धूत होती. मेडल गळ्यात घातलं, केळं हातात दिलं, आणि गावच्या बचत गटाच्या बायकांनी पिठलं-भाकरी आणि इंद्रायणीचा भात वाढला. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून निघालेलं हे वाण, इथल्याच खाचरातलं, नवं, चिकट, वासाचं. दुसऱ्यांदा भात घेताना वाढणाऱ्या ताई म्हणाल्या, "घ्या, अजून घ्या, तुम्ही लई उशिरा आलाय."

निकालाच्या कागदावर पोहणं, सायकल, पळणं यांच्या मध्ये ट्रान्झिशनची वेळही वेगळी लिहिलेली असते. माझ्या सगळ्या ओळीत बऱ्यापैकी आकडा तेवढाच. शेजारचे दुकानवाले गृहस्थ सायकलवर माझ्यापेक्षा बरेच पुढं होते, पण मोज्यात त्यांची बरीच मिनिटं गेली. कुठं पायाची ताकद कमी पडली तेही कागद सांगतो: पवनानगरहून परतीच्या चढावर. गिअर आधी टाकूनही शेवटच्या पन्नास-साठ मीटरवर पेडल जड झालं होतं, आणि खाली टाकायला गिअरच उरला नव्हता.

भाच्याला सांगितलं तर म्हणाला, ताकद येईल तेव्हा येईल, तोवर मागची चकती बदल. 14-28चा संच काढून 14-34चा बसवायचा, म्हणजे मोठीत मोठी चकती 28ऐवजी 34 दातांची. निगडीतल्या सायकलवाल्याकडं गेले. त्यानं सायकल उलटी केली, पेडल फिरवलं, डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, बोटानं ओढून बघितला आणि म्हणाला, "संच बसेल, पण हा डिरेलर एवढ्या मोठ्या चकतीला पुरायचा नाही. तोही बदलावा लागेल. चेनही वाढवावी लागेल." खर्चाचा आकडा ऐकून नवरा म्हणाला, एवढ्यात दुसरी जुनी सायकल येते. सायकल अजून दुकानातच आहे.